मामाचा पेंटियम, शिंप्याची माया आणि चौगुनचा हट्ट: जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलावा का, पळवावा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि नेमकी त्याच आठवड्यात इंदुरात घरोघरी दिवाळीची साफसफाई चालू होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते मी भोगलंय. माळ्यावरचं सगळं खाली येतं, त्यात एक पिवळट पडलेलं कॅबिनेट असतं, आणि कुणीतरी म्हणतं, "अरे, नवा घेण्यापेक्षा ह्याच्यातच नवा प्रोसेसर बसव ना, तू कॉम्प्युटरवाला ना?"

आमच्याकडे हे म्हणणारा मामा. लोकमान्य नगरातलं घर, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि कॅबिनेटमध्ये पेंटियम एमएमएक्स १६६, ३२ एमबी रॅम. त्याचा शेजारी, पक्का इंदुरी, तोही येऊन उभा राहिला, "भिया, ओव्हरक्लॉक कर दो, चकाचक चलेगा." त्याने हा शब्द नातवाकडून ऐकला होता. मग चहा होईपर्यंत मी दोघांना जे समजावलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण गेल्या काही महिन्यांत हाच प्रश्न मला निदान आठ-दहा जणांनी विचारलाय.

आधी ठेका समजून घ्या

प्रोसेसर म्हणजे काम करणारी मुख्य चिप. ती काम करते ते ठोक्यावर. एक ठोका पडला की एक पाऊल पुढे. मेगाहर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला दहा लाख ठोके, म्हणजे मामाचा १६६ वाला दर सेकंदाला साडेसोळा कोटींच्या वर ठोके मोजतो. ऐकायला प्रचंड वाटतं, आजच्या फोनपुढे काहीच नाही.

१९८१ च्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८०८८ होता, ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. हा ४.७७ आकडा कुठून आला याची गंमत आहे: बोर्डावर १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता, जो अमेरिकन रंगीत टीव्हीच्या सिग्नलशी जुळणारा, आणि त्याचा तिसरा भाग केला की ४.७७. एकाच क्रिस्टलमध्ये टीव्हीचंही भागलं आणि प्रोसेसरचंही. काटकसर आपल्याकडेच असते असं नाही.

तर हा क्रिस्टल मदरबोर्डावर असतो आणि तो सगळ्या बोर्डाला ठेका देतो. इंटेलच्या पुढच्या ३८६ या चिपेपर्यंत बोर्ड ज्या लयीत त्याच लयीत प्रोसेसर. मग १९९२ मध्ये इंटेलने ४८६ डीएक्स२ आणला, आणि इथे तबला ऐकणाऱ्यांना लगेच कळेल, बोर्ड ३३ च्या लयीत ठेका धरून बसलाय आणि प्रोसेसर आतल्या आत दुगुन वाजवतोय, ६६. ठेका तोच, समही तीच, पण दोन मात्रांत चार बोल. पुढे डीएक्स४ आला, नावात चार असलं तरी वाजवायचा तिगुनच, ३३ चे १०० (नावं ठेवणारी माणसं वेगळी असतात, चिपा बनवणारी वेगळी). खरी चौगुन इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या ५एक्स८६ ने वाजवली, १३३.

बस, एवढंच सूत्र आहे: ठेका गुणिले पट. बोर्डाच्या ठेक्याला बस स्पीड म्हणतात, पटीला मल्टिप्लायर. मी पुढे ठेका आणि पट असंच म्हणणार आहे. मामाची चिप ६६ च्या ठेक्यावर अडीच पट.

मग ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

कंपनीने चिपेवर जो वेग छापलाय त्याच्यापेक्षा जास्त वेगाने ती चालवणं. मार्ग दोनच, ठेका वाढवा नाहीतर पट वाढवा. १९८४ च्या आयबीएम एटीत २८६ होता, ६ मेगाहर्ट्झचा, क्रिस्टल १२ चा. लोकांनी काय केलं, क्रिस्टल काढून १६ चा बसवला की झाला ८ मेगाहर्ट्झ. काही रुपड्यांचा भाग आणि मशीन एक तृतीयांशाने वेगवान! आयबीएमला हे आवडलं नाही, त्यांनी नंतरच्या बायॉसमध्ये (मशीन चालू करताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) वेग तपासायची सोय केली आणि मशीन जास्त पळताना दिसलं तर चालूच व्हायचं नाही.

पण कंपनी कमी वेग का छापेल? स्वतःचंच नुकसान ना?

हा प्रश्न मामाने विचारला आणि उत्तर मामीच्या शिलाई मशीनजवळ होतं. शिंपी ब्लाउज शिवताना शिवणीत माया ठेवतो ना, उद्या माणूस जाड झाला तर उसवून सैल करता यावं म्हणून. चिपेतही कंपनी माया ठेवते. चिप कुठे चालणार हे तिला माहीत नाही, कुणी एसीत ठेवेल, कुणी मे महिन्यात आमच्याकडे बेचाळीस डिग्रीत, कुणाच्या घरी लाइट वरखाली होईल, शिवाय चिप दहा वर्षं चालली पाहिजे. म्हणून ४५० मेगाहर्ट्झवर धावू शकणाऱ्या चिपेवर कमी आकडा छापतात. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ती माया उसवून वापरणं. कापड तुमच्याकडे होतंच, फक्त आता शिवण काठावर आली.

आणि दुसरं कारण धंद्याचं. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून निघालेल्या सगळ्या चिपा तपासून वेगवेगळ्या भावाने विकतात, पण स्वस्त मालाला मागणी जास्त असली की चांगल्या चिपाही स्वस्तातल्या डब्यात पडतात. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९९८ च्या ऑगस्टमधलं, इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन ३००ए. किंमत १४९ डॉलर. ६६ च्या ठेक्यावर साडेचार पट, म्हणजे ३००. पट कुलूपबंद होती, ती बदलता यायची नाही, पण ठेका १०० केला की तीच चिप ४५०. त्याच सुमारास आलेला पेंटियम टू ४५० होता ६६९ डॉलरचा! सेलेरॉनची कॅश मेमरी (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) लहान, १२८ केबी, पण चिपेच्या आतच आणि पूर्ण वेगाने चालणारी, त्यामुळे बऱ्याच कामांत तो मोठ्या भावाच्या बरोबरीला यायचा. काही लोक तर चिपेच्या पट्टीवरच्या बी२१ नावाच्या पिनेवर सेलोटेपचा बारीक तुकडा लावायचे, बोर्डाला वाटायचं ही १०० वालीच चिप आहे. सेलोटेपने पाचशे डॉलर वाचवणं, याला म्हणतात अक्कल.

माझं ८३ चं शहाणपण

आता माझी फजिती. १९९९, कॉलेजचं वय, घरी हाच सेलेरॉन. सगळे म्हणत होते १०० कर, मला भीती वाटली, म्हटलं आपण मधला मार्ग घेऊ, ८३ ठेवू, म्हणजे ३७५ मिळेल आणि रिस्कही कमी. मराठी मध्यमवर्गीय हिशोब. चार दिवस मस्त चाललं. पाचव्या दिवशी हार्डडिस्कवरच्या फाइली उघडेनात, त्यात ताईच्या लग्नाच्या आमंत्रणांची यादी होती, तीनशे नावं पत्त्यांसकट. ती मग मी आणि आईने दोन रात्री बसून आठवून आठवून परत लिहिली आणि तरी एक आतेकडचं घर राहिलंच, ते अजून ऐकवतात.

चूक कुठे झाली ते मला पुढे वर्षभराने कळलं, आणि या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. ठेका फक्त प्रोसेसरचा नसतो. त्याच ठेक्यावर बाकीची मंडळी बसलेली असतात, रॅम, ग्राफिक्स कार्ड, हार्डडिस्कचा कंट्रोलर. त्यांच्यासाठी बोर्ड ठेका भागून देतो. पीसीआय नावाची जी लाइन असते, जिच्यावर हार्डडिस्कचा कंट्रोलरही असतो, ती ३३ ची सवय असलेली. ठेका ६६ असेल तर बोर्ड दोनने भागतं, ३३ मिळतात. ठेका १०० असेल तर तीनने भागतं, परत ३३. पण ८३ ला? दोननेच भागतं, म्हणजे साडेएकेचाळीस. म्हणजे १०० ज्याला मी घाबरलो तिथे हार्डडिस्क आपल्या नेहमीच्या लयीत शांत बसली असती आणि माझ्या "सुरक्षित" ८३ वर बिचारीची दमछाक झाली. तबलजीने लय वाढवली तर त्याचं काही जात नाही हो, पण पेटीवाला मागे पडला की मैफल बेसूर होते, आणि लोक नावं तबलजीला नाही ठेवत.

तेव्हा कुणी म्हणालं की प्रोसेसरचा वेग वाढवायचाय, तर पहिला प्रश्न हाच, की ठेका वाढवतोयस का पट? पट वाढवली तर प्रोसेसर एकटा पळतो. ठेका वाढवला तर सगळं घर पळतं, आणि घरात आजी पण असते.

गरम होणं, आणि ते किती

वेग वाढवल्यावर मशीन अडखळायला लागलं तर लोक व्होल्टेज थोडं वाढवतात, म्हणजे ठोका जरा जोरात पडतो आणि चिपेला शून्य-एकमधला फरक वेळेत कळतो. पण उष्णतेचा हिशोब क्रूर आहे: ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. सेलेरॉन ३०० चा ४५० केला, दीडपट. व्होल्टेज २.० चं २.२ केलं, फक्त दहा टक्के वाटतं, पण वर्ग केला की १.२१. दोन्ही गुणा, १.८ च्या वर. वेग दीडपट मिळाला आणि उष्णता जवळजवळ पावणेदोन-दोनपट आली, पंखा मात्र तोच जुना. मे महिन्यात कूलर चालू असलेल्या खोलीत दमट हवा, पंख्यावर धूळ, थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. चिप आणि तिच्यावरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा यांच्यात जी पांढरी पेस्ट लावतात ती वीस वर्षांनी पेस्ट राहत नाही, ती खरवडून नवी लावणं हे कुठल्याही अपग्रेडपेक्षा जास्त पुण्याचं काम आहे आणि ट्यूबही स्वस्त येते.

बसवून टाक ना नवा, सॉकेट तर दिसतंय!

खाच बसली म्हणजे संसार जमला असं नसतं. चिप आणि बोर्ड यांचं जमायला तीन गोष्टी लागतात.

एक तर पिना. यात जुन्या काळी मजा होती, एनईसी या जपानी कंपनीचा व्ही२० इंटेलच्या ८०८८ च्या जागी तसाच्या तसा बसायचा, उपटा आणि लावा, आणि त्याच ठेक्यावर थोडं जास्त काम करायचा. आजकाल एवढं सरळ मिळत नाही.

दुसरं व्होल्टेज, आणि इथेच चिपा जळतात. ४८६ डीएक्स२ पाच व्होल्टवर चालायचा, ५एक्स८६ ला ३.४५ लागतात. सॉकेट दिसायला सारखंच. पाच व्होल्टच्या बोर्डावर तो तसाच ठोकला तर चिप जळायची भीती. म्हणून मध्ये एक छोटी पाटी यायची, व्होल्टेज उतरवणारी, अगदी आपल्या घरच्या ॲडॉप्टरसारखी. पेंटियम एमएमएक्सने आणखी एक फाटा फोडला, चिपेच्या गाभ्याला २.८ आणि बाहेरच्या पिनांना ३.३, म्हणजे जुन्या पेंटियमच्या सगळ्या बोर्डांना हे झेपत नाही.

तिसरं म्हणजे जंपर, बोर्डावरच्या त्या बारीक टोप्या, ज्यांनी पट ठरते. इथे एक भारी जुगाड आहे आणि तो कंपन्यांनीच केलेला. जुन्या बोर्डावर दीडपट ते तीनपट एवढ्याच टोप्यांच्या जागा. मग नव्या चिपांनी जुन्याच खुणेचा नवा अर्थ लावला. एमएमएक्स २३३ ला दीडपटीची टोपी लावली की तो साडेतीन पट समजतो. एएमडीच्या के६-२ ४०० ला दुपटीची टोपी लावली की तो सहापट वाजवतो! बोर्डाला वाटतं आपण दुगुन सांगितली, ६६ च्या ठेक्यावर चिप ४०० गाठते. ५एक्स८६ चंही तेच, खूण दुपटीची, वाजते चौगुन. मी हे मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे घरात जावई सांगतो तसं, ऐकायचं एक करायचं भलतंच." मी जावई नाही, भाचा आहे, म्हणून हसलो.

बरं, मग सहापट वाजवली तर विंडोज ११ चालेल?

नाही. स्पष्ट नाही. कारण हा वेगाचा प्रश्नच नाही, शब्दांचा आहे. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञा कळतात, नव्या पिढीला जास्त. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीला पॉपसीएनटी नावाची एक आज्ञा लागते, ती इंटेलच्या चिपांत २००८ च्या शेवटी आली. तुमचा कोअर २ ड्युओ कितीही पळवा, त्याला तो शब्दच माहीत नाही, तर विंडोज सुरूच होत नाही. भराभर बोलल्याने माणसाला नवी भाषा येत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय वेगळीच. ज्यांचा कॉम्प्युटर सात-आठ वर्षांपूर्वीचा आहे आणि फक्त विंडोज १० अडलंय, त्यांनी विंडोजऐवजी फुकट मिळणारी लिनक्स टाकून बघा किंवा नवं मशीन घ्या, प्रोसेसरच्या नादी लागू नका. ओव्हरक्लॉकिंग तर अजिबातच नको.

पण जुनं सॉफ्टवेअर तर जोरात पळेल?

इथेच मामाची गोष्ट खरी सुरू होते. मी विचारलं तुला यात करायचंय काय? तर म्हणे पत्रिका. त्याच्याकडे डॉसमधला (विंडोजच्या आधीची, नुसत्या अक्षरांच्या काळ्या स्क्रीनवाली सिस्टिम) एक पत्रिका काढायचा प्रोग्राम आहे, नव्वदीतला, त्यातली मांडणी त्याला आवडते, फोनवरची ॲपं बघितली की त्याचा मूड जातो. तो प्रोग्राम टर्बो पास्कल या त्या काळच्या प्रोग्रामिंगच्या साधनात लिहिलेला निघाला.

टर्बो पास्कलमध्ये एक प्रसिद्ध खोडी आहे. प्रोग्राम सुरू होताना तो मशीनचा वेग मोजतो, कारण "थोडं थांब" म्हणजे किती चकरा मारायच्या हे त्याला ठरवायचं असतं. ५५ मिलिसेकंदांत किती चकरा झाल्या ते मोजतो आणि त्याला ५५ ने भागतो. उत्तर ठेवायला जागा ६५,५३५ पर्यंतचीच. १९९० मध्ये कुणाला वाटलं होतं की एका मिलिसेकंदात पासष्ट हजार चकरा होतील? पण साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे उत्तर त्या जागेत मावेनासं होतं आणि स्क्रीनवर येतं रनटाइम एरर २००, म्हणजे शून्याने भागाकार, जो खरं तर झालेलाच नसतो. वाटीत तांब्याभर ओतलं की सांडतं, तसं. त्यावर पॅचेस निघाले, लागूही पडतात. तसंच विंडोज ९५ चं, के६-२ ३५० किंवा त्याहून वेगवान असला की सुरू होतानाच रडायचं, तेही अशाच वेळ मोजणाऱ्या चकरेमुळे.

म्हणजे मी हौसेने के६-२ ४०० बसवला असता तर मामाचा प्रोग्राम पहिल्या सेकंदाला पडला असता. जुन्या मशीनवर टर्बोचं बटण असायचं आठवतंय? सगळ्यांना वाटायचं दाबलं की पळतं. खरं काम उलटं, जुन्या गेमांसाठी मशीन हळू करायची सोय होती ती. उस्ताद अमीर खाँ साहेबांच्या शहरात विलंबित लयीचं महत्त्व मी कुणाला सांगू.

रॅमचंही असंच. त्या काळच्या इंटेल ४३०टीएक्स चिपसेटवर (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपा) कॅश फक्त पहिल्या ६४ एमबीला लागू पडते. तुम्ही हौसेने १२८ टाकली तर विंडोजचं बरंचसं काम नेमकं त्या कॅशबाहेरच्या भागात जातं आणि मशीन उलट मंदावतं.

चालू करायच्या आधी

खरं तर हा भाग वर हवा होता. वीस-पंचवीस वर्षं पडलेलं मशीन थेट सॉकेटला लावू नका. ३८६-४८६ च्या बोर्डांवर निळी किंवा हिरवी बॅटरी असते, पिंपासारखी, ती गळते आणि आजूबाजूची तांब्याची रेघ खाऊन टाकते, ती आधी कापून काढा. नंतरच्या बोर्डांवर नाण्यासारखी बॅटरी, ती बदलली की झालं. मग कपॅसिटर, ते उभे छोटे डबे, डोकं फुगलंय का, खाली चिकट आलंय का बघा. साधारण १९९९ ते २००७ मधल्या बोर्डांत खराब कपॅसिटरचं मोठं प्रकरण झालेलं होतं. पॉवर सप्लाय दुसऱ्या मशीनचा, खात्रीचा लावून बघा. थकलेल्या पॉवर सप्लायवर ओव्हरक्लॉकिंग म्हणजे गुडघेदुखीवाल्याला गरब्यात ढकलणं.

एवढं कशाला? एम्युलेटर आहे की

आहे, आणि बहुतेकांना तेच सांगतो. डॉसबॉक्ससारखा प्रोग्राम आजच्या लॅपटॉपवर जुनं मशीन उभं करतो, वेग हवा तेवढा ठेवता येतो, धूळ नाही, धूर नाही. ज्याला जुन्या लोखंडाची आवड आहे त्यानेच यात पडावं. आणि "त्यात सोनं असतं ना?" असं विचारणारे सराफ्याच्या शहरात भेटतातच, असतं, पिनांवर पातळ मुलामा, पेंटियम प्रोत जरा जास्त, पण ते काढायला ॲसिड लागतं, घरच्या मोरीत ते धंदे नकोत. नको असेल तर कचरागाडीच्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात द्या.

मामाच्या मशीनचं मी शेवटी एवढंच केलं: बॅटरी बदलली, पेस्ट नवी लावली, पंख्याला तेलाचा थेंब, पॉवर सप्लाय दुसरा. ठेका ६६, पट अडीच, आहे तसं. शेजारी जरा नाराज झाला, "बस, इतना ही?" प्रोग्राम चालू झाला, मामाने पहिली पत्रिका माझ्या मुलाची काढली, मग स्वतःची, मग म्हणाला आता प्रिंट दे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर माळ्यावरनं अजून उतरलेला नाही आणि त्याची रिबन सिल्व्हर मॉलमध्ये तीन दुकानांत विचारली, चौथ्याने गोडाऊनमध्ये बघून सांगतो म्हटलंय.